'तुम्ही योग्य पेशंट आहात' हे ठरवायचं कोणी?

गुडघे दुखणाऱ्या माणसाला हल्ली एक जाहिरात काही चुकत नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर असते, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असते, पेपरातून पॅम्प्लेट पडतं. ऑपरेशनशिवाय गुडघा बरा, तुमच्याच रक्तातून उपचार, स्टेम सेल थेरपी, आणि खाली ठळक अक्षरात, तुम्ही या उपचाराला योग्य आहात का ते मोफत तपासून घ्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तालुक्याच्या गावी माझं छोटं सेंटर आहे, आणि अशा तपासणीला जाऊन आलेली माणसं नंतर माझ्याकडे येतात. त्यातल्या जवळपास कोणालाच 'तुम्हाला हे चालणार नाही' असं सांगितलेलं नसतं. सत्तरीच्या आजींना पण हो, तिशीतल्या कबड्डी खेळणाऱ्या पोराला पण हो, शुगर तीनशेच्या वर असलेल्या काकांना पण हो. तपासणीला गेलेला प्रत्येक माणूस पास होत असेल तर त्या तपासणीत नेमकं काय तपासलं हा प्रश्न पडायलाच पाहिजे, आणि मला वाटतं तो आता जाहीरपणे विचारायची वेळ आलीय.

रिजनरेटिव्ह थेरपी म्हणजे शरीराची झिजलेली, मेलेली किंवा जळालेली जागा पेशींच्या किंवा रक्तातल्या घटकांच्या मदतीने परत भरून काढायचा प्रयत्न. ही कल्पना खोटी अजिबात नाही. पण या एका नावाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात की माणूस गोंधळणारच. तुमचं रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, त्यातला प्लेटलेट्स जास्त असलेला भाग परत टोचायचा ते पीआरपी, त्याचा स्टेम सेलशी, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशींशी, काही संबंध नाही. कमरेच्या हाडातून मगज काढून तो गाळून गुडघ्यात द्यायचा ते वेगळं. पोटाच्या चरबीतून पेशी काढायच्या ते अजून वेगळं. लॅबमध्ये वाढवलेल्या कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या गादीच्या, पेशी ऑपरेशन करून बसवायच्या ते तर फारच वेगळं. आणि ब्लड कॅन्सर किंवा थॅलेसेमियाच्या पेशंटला दुसऱ्याच्या स्टेम सेल देतात, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, ते सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पक्कं. प्रत्येकाचा योग्य पेशंट निराळा असतो. पॅम्प्लेटवर मात्र सगळं एकच.

पक्क्या गोष्टीपासूनच सुरुवात करू, कारण योग्य पेशंट कसा निवडतात हे तिथे दिसतं. भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये झालं, डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. म्हणजे स्टेम सेलने माणूस बरा करायचा अनुभव आपल्याच मुंबईत चाळीस वर्षांहून जुना आहे. आता थॅलेसेमियाच्या एखाद्या लेकराचं उदाहरण घ्या. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतंय, आईबाप थकलेत, ट्रान्सप्लांट करा म्हणून विनवण्या करतायत. डॉक्टर लगेच हो म्हणतात का? पहिलं बघतात एचएलए मॅच, म्हणजे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा जुळतात का, सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. मग बघतात लिव्हर किती वाढलंय, त्यात कडक तंतूंचं जाळं धरलंय का, सारखं रक्त चढवून अंगात साठलेलं लोह काढायची औषधं आजवर नीट घेतली का. या तीन गोष्टींवरून पोरांचे तीन गट पाडायची पद्धत इटलीतल्या पेसारोच्या डॉक्टरांनी घालून दिली, आणि आपल्याकडेही कमी-जास्त बदल करून, वय धरून, तसाच हिशोब होतो. तिसऱ्या गटातल्या पोराच्या आईबापाला समोर बसवून सांगावं लागतं की धोका जास्त आहे, आधी लोह खाली आणू, मग बघू. कधी कधी नाहीच म्हणावं लागतं. कोल इंडियाची ट्रान्सप्लांटसाठी १० लाखांपर्यंत मदत देणारी योजना २०१७ पासून आहे, त्यातही कोण बसतो आणि कोण बसत नाही याच्या अटी लिहून ठेवलेल्या आहेत. अशा सेंटरमध्ये निर्णय एकटा माणूस घेत नाही, टीम बसते, आणि 'आत्ता नको' हे उत्तर उपचाराचाच भाग समजलं जातं.

दुसरं उदाहरण डोळ्याचं आहे आणि ते आपल्याकडच्या घराघरातलं आहे. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब. लहान पोरगं खेळता खेळता ती दाबतं आणि चुना फाटकन डोळ्यात उडतो. (घरात लहान मूल असेल तर ती ट्यूब खिशातच ठेवा, कट्ट्यावर, खिडकीत नको, आणि उडालाच चुना तर आधी घरीच भरपूर पाण्याने डोळा धुवा, मग दवाखान्याकडे पळा.) बुबुळाच्या कडेला ज्या स्टेम सेल असतात त्या चुन्याने जळतात आणि मग बुबुळावर पडदा चढत जातो, दिसायचं बंद होतं. यावर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटने फार मोठं काम केलंय. २०१२ साली त्यांच्या डॉक्टरांनी एक सोपी पद्धत मांडली, चांगल्या डोळ्याच्या कडेतून जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे आणि जळालेल्या डोळ्यावर गर्भाच्या पिशवीचा पातळ पडदा ठेवून त्यावर ते चिकटवायचे. त्यातून नवीन थर वाढतो. हे ऐकून कुणालाही वाटेल की चला, चुना उडालेल्या सगळ्या पोरांचा प्रश्न मिटला. पण तिथे सुद्धा निवड आहे. दुसरा डोळा चांगला पाहिजे, कारण तुकडा तिथूनच घ्यायचाय. डोळ्यात पाणी पुरेसं पाहिजे, ठार कोरड्या डोळ्यावर पेशी जगत नाहीत. पापणी आत वळली असेल तर आधी ती सरळ करायची. आणि डोळा लाल, सुजलेला असताना हात लावायचा नाही, सूज पूर्ण शांत होईपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं. घाई केली तर लावलेल्या पेशी तर जातातच, पण चांगल्या डोळ्यातून काढलेला तुकडाही वाया जातो.

हे दोन्ही उपचार खरे आहेत, चालतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी नकाराची यादी सगळ्यात कडक आहे. जिथे उपचाराचा पुरावा सगळ्यात कच्चा तिथे मात्र दार सताड उघडं. हे उलटं कसं झालं?

पैशामुळे झालं, दुसरं कारण मला दिसत नाही. गुडघ्याचं इंजेक्शन द्यायला ऑपरेशन थिएटर लागत नाही, भूल लागत नाही, टीम लागत नाही, आणि पेशंट काही कमी नाहीत. आमच्या ऊसपट्ट्यात तर पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये गुडघा न दुखणारी बाई शोधावी लागते. आयुष्यभर उकिडवं बसून भांगलण, धारा काढणं, जमिनीवर बसून भाकऱ्या थापणं, डोक्यावर वैरणीचा भारा. त्यांना ऑपरेशनची भीती असते, ती खोटी नाही. गुडघा बदलल्यावर खाली बसता येणार नाही, शेतात जाता येणार नाही, घरात करणारं कोणी नाही, सून नोकरीला. त्या भीतीवर हा सगळा धंदा उभा आहे.

एक काकू आठवतात. मंगल कार्यालयातलं शिबिर, गावातल्या बायका टेम्पो करून गेलेल्या. काकू माझ्याकडे आल्या त्या दोन इंजेक्शनं घेऊन झाल्यावर, कारण चालणं होतं तेवढंच राहिलेलं. सोबत चकचकीत फाईल. मी त्यातला एक्स-रे बाहेर काढून बघितला तर तो झोपवून घेतलेला. आता हे नीट समजून घ्या, कारण यात सगळं आलं. गुडघ्याची गादी किती झिजली हे बघायला एक्स-रे उभं राहून, दोन्ही पायांवर वजन देऊन काढायचा असतो. झोपवून काढला की दोन हाडांमधली फट मोठी दिसते, कारण वजनच नसतं. त्या फिल्मवर काकूंचा गुडघा बऱ्यापैकी वाटत होता. उभं करून काढला तर आतल्या बाजूला हाडावर हाड टेकलेलं, म्हणजे चौथी, झिजेची शेवटची ग्रेड. मुळात एक्स-रे बघायचीही गरज नव्हती, काकू दारातून आत आल्या तेव्हाच दोन्ही पाय धनुष्यासारखे बाकलेले दिसत होते. फाईलमध्ये ग्रेड लिहायची जागा होती, ती कोरी. शुगरचा रिपोर्ट नाही, प्लेटलेट काउंट नाही. पैशाची पावती मात्र व्यवस्थित. काकूंनी भिशी उचलून पैसे भरलेले, आणि मला म्हणाल्या, "ताई, डॉक्टर म्हणाले तुम्ही अगदी वेळेत आलाय, अजून वर्ष गेलं असतं तर काही करता आलं नसतं." ते वाक्य मी विसरू शकत नाही. त्यांची वेळ कधीच निघून गेलेली होती आणि हे बघणाऱ्याला कळलं नसेल असं मला तरी वाटत नाही.

गुडघ्याच्या झिजेच्या या ग्रेड १९५७ पासून वापरात आहेत, शून्य ते चार. पहिलीत शंका घ्यावी एवढंच, दुसरीत हाडाला बारीक टोकं आलेली, तिसरीत फट कमी झालेली, चौथीत फट संपलेली. पीआरपी असो की पेशी असोत, ज्या अभ्यासांत थोडाफार फायदा दिसला ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या पेशंटवर झालेत. चौथ्या ग्रेडमध्ये, पाय वाकडा झालेला असताना, इंजेक्शनने गादी परत येते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. हाड घासतंय ते घासतंयच, वजन पडतंय ते वाकड्या रेषेतच. तिथे गुडघेबदल हा जास्त प्रामाणिक सल्ला आहे, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आणल्यापासून तो पूर्वीइतका हाताबाहेर राहिलेला नाही. चार-चार इंजेक्शनांची पॅकेजं, त्यात दोन्ही गुडघे, परत बूस्टर, सगळं मिळवून बघा, लोक इकडे केवढा पैसा घालवून बसतात.

बरं, दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडमध्ये तरी पीआरपी नक्की चालतं का? यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही आणि हे पेशंटला सांगितलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात एक मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. पन्नाशीच्या पुढचे २८८ पेशंट, झीज सौम्य ते मध्यम, निम्म्यांना पीआरपीची तीन इंजेक्शनं आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, कोणाला काय दिलं ते कोणालाच माहीत नाही. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं, शून्य ते दहाच्या मोजमापात एका गटाचं २.१ ने आणि दुसऱ्याचं १.८ ने, आणि गादीच्या झिजेतही दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे मिठाच्या पाण्यानेही बरं वाटलं! हे मी पीआरपी फसवणूक आहे असं म्हणायला सांगत नाही. त्या अभ्यासात वापरलेल्या पीआरपीमध्ये प्लेटलेट्स पुरेशा नव्हत्या असा आक्षेप आहे, आणि तो विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी पीआरपी आणि स्टेम सेल दोन्हीला स्पष्ट नाही म्हटलं, तर तिथल्याच हाडांच्या सर्जन लोकांच्या संघटनेने २०२१ मध्ये पीआरपीला मर्यादित पाठिंबा दिला. मुद्दा असा, की 'शेजारच्या वहिनींना बरं वाटलं' यावरून आपल्याला चालेल असं ठरत नाही. शिबिरातले व्हिडिओ, हार घालून बोलणारे पेशंट, ते खोटं बोलत नसतीलही, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. आणि प्लेटलेट्सचा आक्षेप खरा मानायचा तर मग इथल्या किती क्लिनिकमध्ये टोचण्याआधी त्या मोजतात? पेशंटच्या रक्तात किती होत्या आणि इंजेक्शनमध्ये किती आल्या हे दोन आकडे कागदावर लिहून द्यायला काय अडचण आहे? मी विचारून बघितलंय, उत्तर बहुतेक वेळा "आमचं किट इम्पोर्टेड आहे" असं येतं.

स्टेम सेलचं अजून किचकट आहे. आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सरळ आहेत, रक्ताच्या आजारांसाठी होणारं ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा बाकी वापर हा संशोधन समजायचा, तो मंजूर ट्रायलमध्येच करायचा आणि ट्रायलमधल्या पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. त्यानंतर ठरावीक उत्पादनांना ठरावीक आजारासाठी परवानगी मिळालीय, उदाहरणार्थ बंगळूरच्या कंपनीने बनवलेल्या, निरोगी दात्यांच्या मगजातून वाढवलेल्या पेशींना २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी. पण ती परवानगी सुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या पेशंटवरच्या ट्रायलवर उभी आहे. आणि दुसरीकडे अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, पावणेपाचशेच्या आसपास पेशंट, तीन प्रकारच्या पेशी आणि साधं स्टेरॉईडचं इंजेक्शन यांची तुलना, आणि वर्षाअखेर पेशी स्टेरॉईडपेक्षा सरस ठरल्या नाहीत. असं चित्र असताना 'स्टेम सेलने गादी परत तयार होते, तुम्ही योग्य पेशंट आहात' हे बिनधास्त बोलणाऱ्याला कशाच्या जोरावर बोलतोस हे विचारायला नको?

माझ्या मते योग्य पेशंट ठरवायची सुरुवात एक्स-रेच्याही आधी होते. दुखणं नक्की गुडघ्याचंच आहे का, इथून. माझ्याकडे एक तरुण आला होता, गुडघ्यात पीआरपी घ्यायचं ठरवूनच आला होता, आधी थोडा व्यायाम करून घ्यावा म्हणून. गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला, काहीच नाही. मांडी आत वळवली तर ओरडला. दुखणं खुब्याचं होतं, जाणवत गुडघ्यात होतं. कोविडमध्ये भरपूर स्टेरॉईड घेतलेली. एमआरआय केला तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला, एव्हीएन. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडनंतरच्या अशा केसेस छापल्या होत्या आणि नंतर आम्हा सगळ्यांनाच त्या दिसायला लागल्या. आता यात खरी गोष्ट अशी की एव्हीएन लवकरच्या स्टेजला सापडलं, हाडाचा गोळा खचलेला नसला, तर पेशींचा उपचार विचारात घेता येतो, स्वतःच्याच हाडपेशी वाढवून देण्याच्या उपचाराला आपल्याकडे परवानगी आहे. गोळा खचला की ती वेळ गेली. म्हणजे या पोराला रिजनरेटिव्ह थेरपीचा खरंच उपयोग होण्यासारखा होता, पण खुब्यात, आणि तो इंजेक्शन घ्यायला निघाला होता गुडघ्यात. दोन मिनिटं हात लावून बघितलं असतं तर कळण्यासारखं होतं हे.

कूर्चेच्या पेशी बसवण्याचंही तसंच. ते खेळताना पडून कूर्चेचा एखादा टवका उडालेल्या तरुण माणसासाठी आहे, ज्याची बाकी कूर्चा चांगली आहे. पाय सरळ पाहिजे, लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे पट्टे) पक्की पाहिजेत, मेनिस्कस (दोन हाडांमधली चकती) शाबूत पाहिजे, नसेल तर ते आधी किंवा सोबत दुरुस्त करावं लागतं. अमेरिकेत अशा उत्पादनाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली ती प्रौढांसाठी, आणि ५५ च्या पुढच्या वयात ते चालतं हे सिद्ध झालेलं नाही असं त्यातच लिहिलेलं आहे. सगळा गुडघाच झिजलेल्या पासष्टीच्या माणसासाठी हे नाहीच. आणि पीआरपी द्यायचं तरी प्लेटलेट किती, हिमोग्लोबिन किती, कुठे इन्फेक्शन चालू आहे का, कॅन्सरचा उपचार चालू आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दुखण्याच्या गोळ्या किती दिवसांपूर्वी बंद केल्या, हे विचारल्याशिवाय सुई काढूच नये. (हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने कोणीही बंद करू नका, हे पण इथेच सांगते.)

एक गोष्ट तर या तपासण्यांमध्ये कुणी विचारतच नाही. वजन कमी करून बघितलं का, मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम तीन महिने तरी नीट केला का? अंगातलं एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोचा भार कमी होतो, हे मोजून दाखवलेलं आहे. माझा धंदाच व्यायामाचा आहे म्हणून मी हे बोलते असं कोणी म्हणेल, म्हणू दे, पण जगातल्या जवळपास सगळ्या गाईडलाईन्समध्ये पहिली ओळ हीच आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. ही पायरी न चढलेला पेशंट कुठल्याही महागड्या इंजेक्शनला अजून योग्य झालेलाच नसतो. आमच्याकडे बायकांना व्यायामाला वेळ मिळत नाही हे मला माहितीय, घरचे म्हणतात दिवसभर काम करतेस तोच व्यायाम. म्हणून तर इंजेक्शन पटकन पटतं.

लोक म्हणतात, अहो स्वतःचंच रक्त आहे, फायदा नाही झाला तरी तोटा काय? पीआरपीपुरतं बघितलं तर मोठा तोटा क्वचित होतो, मान्य. पण पैसा जातो, वेळ जातो, शुगर वाढलेल्या माणसाच्या सांध्यात इन्फेक्शन होऊ शकतं. आणि 'स्वतःच्याच पेशी' म्हणजे सुरक्षित असं नसतं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ७२ ते ८८ वयाच्या तीन बायकांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतल्या पेशी टोचल्या, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) खराब होतोय म्हणून, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, त्यासाठी पैसे घेऊन. तिघींचीही नजर जवळपास गेली. २०१७ मध्ये हे छापून आलं. त्यांना थोडंफार दिसत होतं, ते तरी राहिलं असतं.

आणि मग ऑटिझमची पोरं. हे लिहिताना मला त्रास होतो. आमच्याकडे थेरपीला येणाऱ्या किती आयांनी दागिने मोडून, प्लॉट विकून पोराला स्टेम सेलसाठी मोठ्या शहरात नेलंय. नॅशनल मेडिकल कमिशनच्या नीतिमत्ता बोर्डाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस नाही आणि त्याची जाहिरात करणं, प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन समजलं जाईल. म्हणजे या उपचाराला कुठलंच ऑटिस्टिक मूल 'योग्य' ठरवायचा प्रश्नच येत नाही, मान्य ट्रायल असेल तर तेवढंच. तरी 'तुमच्या मुलाचे रिपोर्ट पाठवा, तो योग्य आहे का सांगतो' असे मेसेज या आयांना येत राहिले, आणि उत्तर यायचं की हो, योग्य आहे, पण लवकर या, वय वाढलं की फायदा कमी होतो. त्या आईला स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी वर्षानुवर्षं करायची असते, त्याचे पैसे या एका फेरीत संपतात. पोराचं ते नुकसान भरून निघत नाही.

आता समोरची बाजू. पेशंटला स्वतःचा निर्णय घ्यायचा हक्क नाही का? आहे, पूर्ण आहे. ज्याला सगळे उपाय करून झालेत, ज्याला ऑपरेशन झेपणार नाही, हार्ट कमजोर आहे, त्याला पुरावा कच्चा असलेला उपाय करून बघायचा असेल तर मी आडवी येणार नाही. पण त्याला ग्रेड सांगा, शक्यता सांगा, न जमण्याची शक्यता पण सांगा, मग त्याला ठरवू दे. कोरी जागा असलेली फाईल हातात देऊन घेतलेल्या सहीला मी निर्णय म्हणत नाही. दुसरं, काही ऑर्थो डॉक्टर म्हणतील की आम्ही नीट निवडून करतो, आम्हाला का ओढता. बरोबर आहे. असे डॉक्टर मला माहितीयत, पेशंटला परत पाठवतात, आधी वजन कमी करून ये म्हणतात, आणि तो पेशंट रागावून शिबिरात जातो. खरं तर सगळ्यात जास्त नुकसान या डॉक्टरांचंच होतंय, कारण नाही म्हणणाऱ्याचा पेशंट जातो आणि हो म्हणणाऱ्याकडे गर्दी. म्हणून हे एकेका डॉक्टरच्या सचोटीवर सोडून चालणार नाही. नियमच पाहिजे.

नियम फार मोठे नकोत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि आरोग्य खात्याने मनावर घेतलं तर होण्यासारखे आहेत. एक छापील फॉर्म असावा, मराठीत, इंजेक्शनच्या आधी भरलाच पाहिजे असा. त्यात आजाराचं नाव, उभ्याने काढलेल्या एक्स-रेवरची ग्रेड, शुगर, प्लेटलेट, आधी काय काय करून झालं, कुठलं उत्पादन देणार, त्याला कोणत्या आजारासाठी परवानगी आहे, आणि या पेशंटला फायदा न होण्याची कारणं कोणती. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवायला परवानगी नको. महागड्या पॅकेजच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत, जो ते इंजेक्शन विकत नाही, आणि ते सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत फुकटात मिळावं, आठवड्यातला एक दिवस ठरवून. तपासणीच्याच दिवशी पैसे घ्यायला बंदी, निदान आठवडा जाऊ दे मध्ये, घरी जाऊन लेकीशी, जावयाशी बोलू दे. आणि प्रत्येक सेंटरने वर्षाला सांगावं की किती जण तपासले आणि त्यातल्या किती जणांना नाही म्हटलं. शंभरातल्या शंभरांना हो म्हणणाऱ्या सेंटरची तपासणी आपोआप व्हायला पाहिजे, त्यासाठी कुणा काकूंनी तक्रार करायची वाट बघू नये, कारण काकू तक्रार करत नाहीत, त्या आपल्या नशिबाला दोष देतात.

तोपर्यंत तुमच्या घरातलं कोणी अशा तपासणीला चाललं असेल तर सोबत जा. एक्स-रे उभं करून काढायला सांगा. ग्रेड कागदावर लिहून मागा. आणि डॉक्टरांना एकच विचारा, की यांच्यासारख्या कुठल्या पेशंटला तुम्ही हे इंजेक्शन देत नाही? जो डॉक्टर त्याचं उत्तर लगेच, नावानिशी आजार सांगून देईल त्याच्याकडे पुढचं बोलायला बसा. जो म्हणेल सगळ्यांनाच चालतं, त्याच्या टेबलावरून फाईल उचला आणि आईला घेऊन घरी या.